गाठ परक्यांशी : प्रस्तावना

२१ डिसेंबर १९६३, शनिवारची संध्याकाळ. बीबीसीवर महिनाभरापूर्वीच सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पाचवा भाग संपत आलेला. बार्बरा ही लंडनमधली शिक्षिका एका मेलेल्या ग्रहावरच्या ओसाड शहरात सोबत्यांपासून तुटली आहे. भिंती धातूच्या, चिटपाखरू नाही, आणि ती पुढे गेली की मागचे दार आपोआप बंद होते. शेवटी पुढेही वाट उरत नाही. ती वळते, समोर काहीतरी पाहते आणि भिंतीला पाठ टेकून किंचाळते. तिने काय पाहिले ते आपल्याला दिसत नाही. दिसतो तो तिच्या रोखाने सरकत येणारा एक दांडा आणि त्याच्या टोकाला रबरी वाटी. भाग तिथेच संपतो. पुढचा, आठवड्याने.

ती वाटी म्हणजे तुंबलेले सिंक मोकळे करायला वापरतात तो रबरी पंप होता, आणि दांडा स्टुडिओतल्या एका साहाय्यकाने हातात धरलेला होता. ब्रिटनमधल्या घराघरांत सिंकखाली पडून असलेली ही वस्तू. तरीही त्या दिवशी पडद्यासमोर बसलेली पोरे सोफ्यामागे लपली, अशी आठवण सांगणारी एक अख्खी पिढी तिथे आहे. त्यांनी राक्षस पाहिलाच नव्हता. त्यांनी एक घाबरलेली बाई पाहिली होती, आणि तीही राक्षसाच्या जागेवरून. कॅमेरा त्याच्या बाजूला होता. म्हणजे प्रेक्षकही.

या पुस्तकात परग्रहवासी शत्रूंशी झालेल्या अशाच भेटी आहेत, आणि फक्त पहिल्या भेटी आहेत. दुसऱ्या भेटीत त्या प्राण्याला नाव मिळालेले असते, तो काय करू शकतो याची यादी झालेली असते, तो कशाने मरतो हेही कुणीतरी शोधून ठेवलेले असते. पुढचे सगळे युद्ध. युद्ध थरारक असते, पण त्यात वाटते ती भीती निराळी. युद्धात हरू की जिंकू असा प्रश्न असतो. पहिल्या भेटीत समोर जे आहे ते आपल्याला प्राणी समजते आहे का, वस्तू समजते आहे का, की समजतच नाही, एवढेही कळलेले नसते. मला रस आहे तो त्या न कळण्यात.

आणि दूरचित्रवाणीच का, सिनेमा का नाही? कारण दूरचित्रवाणी गरीब होती. सिनेमाकडे पैसा होता, मोठा पडदा होता, राक्षस बांधायला वर्षभराची सवड होती. छोट्या पडद्याकडे अरुंद स्टुडिओ, पुठ्ठ्याच्या भिंती आणि पुढच्या आठवड्याची तारीख. दाखवता येत नाही म्हणून लपवावे लागले. लपवावे लागले म्हणून चेहरा, आवाज, उशीर आणि दोन भागांमधला रिकामा आठवडा ही हत्यारे सापडली. शिवाय सिनेमाच्या भीतीकडे आपण तिकीट काढून जातो, ही भीती रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात येऊन बसायची.

सुरुवात ‘द क्वाटरमास एक्स्परिमेंट’पासून करायला हवी. १९५३च्या जुलै-ऑगस्टमध्ये बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसच्या स्टुडिओतून सहा भागांत ही मालिका दाखवली, तीही थेट. नट चुकला तर चुकला, दुसरी संधी नाही. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रूडॉल्फ कार्टिए. तीन अंतराळवीरांना घेऊन गेलेले ब्रिटिश यान परत येते, दार उघडते आणि आतून एकच माणूस बाहेर पडतो. यान आतून बंदच होते. उरलेल्या दोघांचे पोशाख आहेत, माणसे नाहीत. आणि जो परतला आहे त्या व्हिक्टर कारूनला स्वतःचे धड काही आठवत नाही, पण आपल्या सोबत्यांना जे ठाऊक असायला हवे ते मात्र त्याला ठाऊक आहे. नीलने इथे केवढी मोठी गोष्ट साधली पाहा. परग्रहावरचा शत्रू यानातून उतरत नाही, तो माणसातून उतरतो. त्याच्याशी पहिली गाठ पडते ती नवऱ्याला घ्यायला आलेल्या बायकोची.

कारून हळूहळू वनस्पतीसारखा काहीतरी होत जातो आणि शेवटच्या भागात ते प्रचंड अवाढव्य काहीतरी वेस्टमिन्स्टर ॲबीत जाऊन चिकटते. ॲबीच का, याला एक झकास कारण आहे. त्याच वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक तिथे झाला होता आणि तो लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. कित्येकांनी संच घेतला होता तोच त्यासाठी. ज्या पडद्यावर राणीच्या डोक्यावर मुकुट चढताना पाहिला, त्याच पडद्यावर तीन महिने व्हायच्या आत, त्याच वास्तूत, हे. राक्षस कसा केला होता? नीलने आणि पुढे त्याची पत्नी झालेल्या ज्युडिथ केरने हातमोज्यांना पानेबिने चिकटवली, ॲबीच्या आतल्या भागाच्या मोठ्या छायाचित्राला भोक पाडले, आणि थेट प्रक्षेपण चालू असताना लेखकमहाशयांनी स्वतः त्यातून हात घालून ते हलवले. ही केर म्हणजे वाघ चहाला आल्याची गोष्ट लिहून पुढे जगभरच्या मुलांना लाडकी झालेली तीच. वाघाच्या आधी घरात आला होता तो हा पाहुणा.

शेवटही युद्धाचा नाही. ते यान पाठवणारा प्राध्यापक क्वाटरमास त्या प्राण्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या आत कुठेतरी उरलेल्या तीन माणसांना हाक मारतो. ती ऐकतात आणि त्या प्राण्याला संपवतात, स्वतःसकट. दोनच वर्षांनी निघालेल्या सिनेमात त्याच प्राण्याला विजेचा झटका देऊन मारले. दोन माध्यमांतला फरक सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही. दुर्दैव असे की मालिकेचे पहिले दोनच भाग आज शिल्लक आहेत. त्यामुळे हातमोज्यांचा तो प्रसंग आपल्याला पटकथेतून आणि सांगोवांगीच भेटतो.

नीलची तिसरी क्वाटरमास-मालिका ‘क्वाटरमास अँड द पिट’ १९५८च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांवर हल्ले झाले होते. मालिकेत लंडनच्या एका बांधकामाच्या खड्ड्यात पन्नास लाख वर्षांपूर्वीचे यान सापडते, आत मंगळावरच्या टोळासारख्या प्राण्यांचे मृतदेह. ते मेलेले आहेत. घाबरायचे कारण हे की त्यांनी आपल्या वानरपूर्वजांच्या मेंदूत हात घालून ठेवला होता, आणि वेगळ्याला वेचून मारायची जी खोड आपल्यात आहे ती त्यांची आहे. परका पाहायला खड्ड्यात उतरलेला माणूस आरसा पाहून वर येतो. यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

त्या रबरी वाटीच्या मालकांकडे, म्हणजे डालेकांकडे, परत येऊ. ‘डॉक्टर हू’ची कल्पना मांडणाऱ्या सिडनी न्यूमनला बटबटीत डोळ्यांचे राक्षस मुळीच नको होते. त्याला मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचे होते. निर्माती व्हेरिटी लँबर्टने टेरी नेशनची पटकथा तरीही पुढे रेटली. नेशनचे बालपण युद्धात गेले होते, आणि स्वतःहून वेगळ्या असलेल्या प्रत्येकाला संपवायला निघालेले, शुद्धतेने झपाटलेले हे प्राणी नाझींवरून आले आहेत हे त्याने लपवले नाही. पण कागदावरचा नाझी पडद्यावर गणवेशातला माणूसच झाला असता. तो तसा झाला नाही, याचे श्रेय रेमंड क्युसिक या नेपथ्यकाराचे. राक्षसाच्या पोशाखात माणूस असला की पाय दिसतात, आणि पाय दिसले की संपले. क्युसिकने माणूस आत बसवला आणि पाय काढून टाकले. उरले एक जमिनीवरून घसरत जाणारे कवच, एक डोळ्याचा दांडा, एक बंदूक आणि ती वाटी. चेहरा नाही, म्हणून दयेची याचना करायला जागा नाही. आवाज रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून काढलेला, तुटक, चिडका, मधूनच उन्मादाकडे झुकणारा. आणि आतला खरा प्राणी? त्या पहिल्या कथेत तो दिसतच नाही. कवचातून काढून झग्यात गुंडाळून टाकलेल्या गाठोड्याखालून एक पंजा तेवढा बाहेर येतो. बस्स.

त्याच काळात बीबीसीवर आणखी एक पहिली भेट होऊन गेली होती, आणि तिचा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. १९६१मध्ये ‘ए फॉर ॲन्ड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका झाली. जॉन एलियटबरोबर ती लिहिणारा होता केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल. जयंत नारळीकर नेमके याच सुमारास हॉयलच्या हाताखाली संशोधन करत होते. दिवसा विश्वाच्या उत्पत्तीवर भांडणारा हा माणूस फावल्या वेळात काय लिहीत होता पाहा : एका नव्या रेडिओ दुर्बिणीवर दूरच्या ताऱ्यांकडून संदेश येतो. संदेशात एक संगणक कसा बांधायचा याची कृती असते. शास्त्रज्ञ हौसेने तो बांधतात. संगणक त्यांच्यातल्याच एका मुलीचा जीव घेतो आणि मग तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी घडवायची कृती देतो. दोन्ही भूमिका नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या ज्युली ख्रिस्तीने केल्या.

शत्रू इथे येतच नाही. येते ती माहिती, आणि बाकीचे काम आपण आपल्या हातांनी, सरकारी खर्चाने करतो. दोनच वर्षांपूर्वी, १९५९मध्ये, कोकोनी आणि मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये परक्या संस्कृतींचे रेडिओसंदेश कोणत्या लहरींवर शोधावेत हे मांडले होते आणि १९६०मध्ये फ्रँक ड्रेकने अमेरिकेत ग्रीन बँकला दोन ताऱ्यांकडे दुर्बीण लावून कान दिला होता. इतर शास्त्रज्ञ ऐकू येईल का या प्रश्नात गुंतले असताना हॉयल ऐकू आल्यावरच्या प्रश्नाकडे गेला. विज्ञानकथेत आधी विज्ञान हवे, हा नारळीकरांचा आग्रह मराठी वाचकाला पाठ आहे. त्या आग्रहाचे घराणे शोधायचे तर त्यात ही मालिकाही येते. माझ्या मते परग्रहवासीयांवरच्या साऱ्या ब्रिटिश मालिकांमध्ये सर्वांत शहाणी हीच, आणि नेमकी हीसुद्धा जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे.

एक प्रश्न मराठी वाचकाने विचारायलाच हवा : आक्रमणाची ही भीती मुळात कुणाची? एच. जी. वेल्सने १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण टास्मानियाच्या लोकांचे काय केले ते आठवा, असे पहिल्याच प्रकरणात सुचवले आहे. साम्राज्य चालवणाऱ्याला पडलेले हे स्वप्न आहे, आपण जे केले तेच कुणी आपल्याला केले तर. १९६४च्या दुसऱ्या डालेककथेत लंडन पडलेले असते आणि डालेक वेस्टमिन्स्टर पुलावरून फिरतात, तेव्हा ब्रिटिश प्रेक्षकाला न घडलेली जर्मन स्वारी दिसत होती. आपल्याकडे असा पूल कल्पनेने बांधावा लागत नाही. म्हणून या कथा पाहताना आपले मन कधीकधी विचित्र जागी उभे राहते, पळणाऱ्यांच्या बरोबर आणि तरीही थोडे बाजूला.

अमेरिकेतल्या मालिकांचा प्रकार वेगळा. तिथे जाहिरातदार होते आणि त्यांना दर आठवड्याला काहीतरी दिसायला हवे होते. १९६३ला सुरू झालेल्या ‘द आउटर लिमिट्स’च्या निर्मात्यांमध्ये तर ‘अस्वल’ हा परवलीचा शब्द होता. प्रत्येक भागात एक अस्वल, म्हणजे एक राक्षस, नाचवलाच पाहिजे. या सक्तीतून काही सुंदर आणि बरेच हास्यास्पद प्राणी निघाले. रॉड सर्लिंगच्या ‘द ट्वायलाइट झोन’ने ही वाट टाळली. १९६१च्या ‘द इन्व्हेडर्स’ या भागात ॲग्नेस मूरहेड एकटी, जवळजवळ एकही शब्द न बोलता, छपरावर उतरलेल्या बोटभर परक्यांशी रात्रभर झुंजते. शेवटी त्यांची तबकडी कुऱ्हाडीने फोडते. तबकडीवरची अक्षरे दिसतात तेव्हा कळते की ती अमेरिकन वायुदलाची आहे. परके आपण होतो.

‘स्टार ट्रेक’ आपल्यापैकी अनेकांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिले. त्याच्या निर्मात्यांचा स्वभाव मुळात समेटाचा. १९६७च्या एका भागात खाणकामगारांना जाळून मारणारा दगडी प्राणी शेवटी आपली अंडी राखणारी आई निघतो. भीती समजुतीत विरघळवायची हा या मालिकेचा धर्मच. म्हणूनच मे १९८९मध्ये तिच्याच पुढच्या मालिकेने, ‘द नेक्स्ट जनरेशन’ने, स्वतःचा धर्म मोडला तेव्हा तो भाग इतका लागला. क्यू नावाचा सर्वशक्तिमान खोडकर जीव कॅप्टन पिकार्डवर रुसतो आणि एका चुटकीसरशी त्याच्या एंटरप्राइझ या यानाला सात हजार प्रकाशवर्षे दूर फेकतो. तिथे एक ग्रह आहे, ज्यावरची शहरे मुळासकट उपटून नेलेली आहेत. मग समोर येतो एक चौकोनी ठोकळा. त्याला पुढची बाजू नाही, नियंत्रणकक्ष नाही, नायक नाही.

बोर्ग इथे पहिल्यांदा दिसतात. एक बोर्ग थेट एंटरप्राइझच्या इंजिनकक्षात येतो आणि यंत्रे तपासू लागतो. कॅप्टन त्याच्याशी बोलायला जातो. तो वळूनही बघत नाही. त्याला मारतात. दुसरा येतो, आणि त्याच्यावर मघाचे हत्यार चालत नाही. हा प्रसंग मी पुन्हा पाहतो तेव्हा थांबतो तो त्या न बघण्यापाशी. शत्रू आपला द्वेष करतो तेव्हा निदान त्याच्या लेखी आपण कुणीतरी असतो. इथे यानाची एक चकती कापून काढली जाते, केक कापावा तशी, आणि तिच्याबरोबर अठरा माणसे जातात. तीही मारायची म्हणून नव्हे, पाहायचे होते म्हणून. पटकथाकार मॉरिस हर्लीच्या मनात आधी कीटकांची जमात होती, ती परवडणार नव्हती म्हणून हे यंत्रमानवी प्राणी आले. पुन्हा एकदा गरिबीची कृपा. शेवटी पिकार्ड जिंकत नाही. तो क्यूला सांगतो की मला तुझी गरज आहे, आणि सुटका होते ती तेवढ्यावर.

पुढे काय झाले ते ठाऊक आहे. १९९०मध्ये बोर्गांनी पिकार्डलाच आपल्यात ओढले. तो दोन भागांचा तुकडा अप्रतिम आहे, मान्य. पण १९९२मध्ये एक बोर्ग पोरगा आपला मित्र झाला, १९९६च्या चित्रपटात त्यांना राणी मिळाली, आणि राणी आली म्हणजे बोलणी करायला कुणीतरी आले. ‘व्हॉयेजर’ मालिकेत तर त्यांना इतक्यांदा हरवले की ते गल्लीतले गुंड होऊन बसले. डालेकांची गतही तीच. जिना चढलात की डालेकपासून सुटलात, हा विनोद ब्रिटनमध्ये पंचवीस वर्षे चालला, १९८८मध्ये एक डालेक तरंगत जिना चढला तोवर. मालिकेला लोकप्रिय राक्षस पुन्हा पुन्हा आणावा लागतो, आणि पुन्हा आणला की त्याच्यातली पहिली भेट खर्च होते. हा व्यवहार मोडता येत नाही असे मी लिहिणार होतो, पण २००५मध्ये रॉबर्ट शेअरमनने तो मोडून दाखवला. त्याने एकच डालेक घेतला, साखळीने बांधलेला, मोडका, एका धनाढ्याच्या तळघरातल्या संग्रहात. आणि त्याच्यापुढे रोज नावाची मुलगी आणली, जिने हे नाव आयुष्यात ऐकलेले नाही. आपण सगळे जाणतो, ती काहीच जाणत नाही, आणि ती दयेने हात पुढे करते. बेचाळीस वर्षे जुन्या खेळण्याची धास्ती पुन्हा वाटली ती या हातामुळे.

नंतरच्या वर्षांत पैसा आणि संगणकचित्रे आली तरी चांगल्या लेखकांनी जुनी गरिबी मुद्दाम पाळली. ‘डॉक्टर हू’च्याच २००७मधल्या ‘ब्लिंक’ या भागातले रडणारे देवदूत म्हणजे दगडी पुतळे, तुम्ही पाहत असाल तोवर दगडच. पापणी लवली की जवळ आलेले. स्टीव्हन मॉफॅटने त्यांना त्या भागात एकदाही हलताना दाखवले नाही. २०१०मध्ये पुन्हा आणल्यावर मात्र एका प्रसंगात माना वळवताना दाखवले, आणि पाहणाऱ्याच्या पोटातला गोळा नाहीसा झाला. २००८च्या ‘मिडनाइट’मध्ये तर राक्षसच नाही. एका निर्जीव ग्रहावर अडकलेली प्रवासी गाडी, बाहेरून दारावर थापा, आणि मग आतली एक बाई इतरांचे शब्द त्यांच्या मागोमाग म्हणू लागते. मग त्यांच्याबरोबर. मग त्यांच्या आधी. गाडीतली सभ्य, सुशिक्षित माणसे पाऊण तासात एकाला बाहेर फेकायला निघतात. त्यांना वाचवते ती गाडीतली होस्टेस, स्वतःचा जीव देऊन, आणि नंतर लक्षात येते की तिचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते.

यादीतले शेवटचे नाव २००९च्या जुलैत बीबीसीने सलग पाच रात्री दाखवलेल्या ‘टॉर्चवुड : चिल्ड्रन ऑफ अर्थ’चे. जगभरची मुले एकाच क्षणी थांबतात आणि एकाच आवाजात आम्ही येत आहोत असे सांगतात. येणारा प्राणी लंडनमध्ये विषारी धुराने भरलेल्या एका काचेच्या टाकीत उतरतो, नीट दिसत नाही, आणि पृथ्वीवरची दहा टक्के मुले मागतो. यातला सर्वांत भीषण प्रसंग टाकीपाशी घडत नाही. तो मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती घडतो. कोणती मुले द्यायची? कुणीतरी सौम्य स्वरात सुचवते की शाळांच्या गुणवत्ता यादीत तळाशी असलेल्या शाळांपासून सुरुवात करता येईल. कुणी ओरडत नाही. टिपणे घेतली जातात.

काय गाळले तेही सांगतो. रिडली स्कॉटचा ‘एलियन’ नाही, कारण तो सिनेमा आहे. १९८३ची ‘व्ही’ मालिका आहे, पण तिच्यातले पाहुणे आधी मित्र म्हणून येतात, त्यामुळे तिची जागा पुस्तकाच्या दुसऱ्या भागात, फसवणुकीच्या कथांबरोबर. ‘एक्स-फाइल्स’वर मी थोडकेच लिहिले आहे. तिथे पहिली भेट दोनशे भाग लांबवली आणि तेवढ्यात ती बिचारी म्हातारी झाली.

ज्या मालिका आज मिळतात त्या वाचकाने प्रकरण वाचण्याआधी पाहाव्यात. एक विनंती मात्र आहे : आताच्या सवयीप्रमाणे एका रात्रीत सगळे भाग उरकू नयेत. सुरुवातीला सांगितलेला तो बार्बराचा भाग, ‘द डेड प्लॅनेट’, पाहून झाल्यावर संच बंद करावा, आणि पुढचा भाग येत्या शनिवारी.